खोडदच्या ३० तबकड्या आणि वाटून घेतलेले गणित

१/२३
श्रीरामपूरच्या मध्यवस्तीतील बेलापूर रेल्वे स्थानक आणि जुन्नर तालुक्यातील खोडद हे गाव यांच्यात सरळ रेषेत सुमारे ८५ किलोमीटरचे अंतर आहे. वरवर पाहता या दोन ठिकाणांचा काही संबंध नाही. तरीही पुणे–नाशिक रेल्वे कोणत्या वाटेने न्यावी, या वादात अलीकडे दोन्ही बाजूंचा उल्लेख होऊ लागला आहे. कारण आहे खोडदची रेडिओ दुर्बीण. आणि या दुर्बिणीच्या आड दडलेले आहे संगणकाच्या इतिहासातील एक मोठे वळण: एकाच वेगवान प्रोसेसरकडून एकत्र काम करणाऱ्या अनेक प्रोसेसरांकडे. आजचा धागा त्या वळणाविषयी. रेल्वेकडे आपण शेवटी येऊच.

२/२३
या कथेचा आरंभ कल्याणमध्ये होतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांनी १९६५ साली तेथे ३२ लहान तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभारली. तबकड्या ऑस्ट्रेलियातून आलेल्या होत्या आणि निरीक्षण सूर्याचे होते. पुढे १९७० साली उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी दुर्बीण उभी राहिली. कल्याणची मांडणी लहान होती. पण तिच्यातील कल्पना दूरवर जाणारी होती. एक अवाढव्य यंत्र उभारणे परवडत नसेल, तर लहान यंत्रे पुष्कळ घ्यावीत आणि त्यांच्याकडून एकत्र काम करून घ्यावे.

३/२३
हीच कल्पना १९८० च्या दशकात खोडदसाठी विस्तारली. ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’, म्हणजेच जीएमआरटी, हे तिचे नाव. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांपैकी १४ साधारण एक चौरस किलोमीटरच्या मध्यवर्ती भागात, तर उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या तीन भुजांवर पसरलेल्या. सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर. तबकडीचा पृष्ठभाग भरीव पत्र्याचा नाही. ताणलेल्या दोरांवर बसवलेली ती तारांची जाळी आहे. लांब तरंगांना जाळीची छिद्रे जाणवत नाहीत आणि वारा मात्र आरपार जातो. वजन घटले, त्यामुळे खर्चही घटला. २००२ पासून ही दुर्बीण जगभरच्या संशोधकांना खुली झाली.

४/२३
तबकड्या इतक्या दूर कशासाठी ठेवायच्या? दुर्बिणीला किती बारकावा दिसतो, हे तिचा आकार आणि तरंगाची लांबी यांच्या प्रमाणावर ठरते. रेडिओ तरंग प्रकाशतरंगांपेक्षा लाखो पटींनी लांब असतात. म्हणून तितकाच बारकावा हवा असेल, तर दुर्बीणही तितकीच प्रचंड हवी. २५ किलोमीटर व्यासाची तबकडी कोणीही बांधू शकत नाही. मात्र तेवढ्या अंतरावरील दोन तबकड्यांनी टिपलेल्या संकेतांची अचूक तुलना केली, तर त्या अंतराइतका बारकावा हाती येतो. येथून पुढे दुर्बिणीचे भवितव्य पोलादावर अवलंबून राहत नाही. ते गणितावर अवलंबून राहते.

५/२३
या गणिताची पहिली अट म्हणजे वेळेचा मेळ. आकाशातून आलेली तीच लहर एका तबकडीवर आधी पोहोचते, दुसरीवर नंतर. २५ किलोमीटर अंतर कापायला प्रकाशाला सुमारे ८३ मायक्रोसेकंद लागतात. माणसाच्या दृष्टीने हा काळ शून्यासारखाच. यंत्राच्या दृष्टीने तो फार मोठा. प्रत्येक संकेताची सेकंदाला ६.६ कोटी वेळा नोंद होत असेल, तर तेवढ्या काळात सुमारे ५,५०० नोंदी होऊन जातात. शिवाय पृथ्वी फिरते आहे, त्यामुळे हा फरक क्षणोक्षणी बदलतो. तो सतत मोजून, प्रत्येक तबकडीच्या नोंदी योग्य तेवढ्या मागेपुढे सरकवाव्या लागतात. ऑप्टिकल फायबरवरून मध्यवर्ती इमारतीत आलेल्या संकेतांवर हे पहिले काम होते.

६/२३
नोंदी सेकंदाला ६.६ कोटीच का? संकेताचा पट्टा ३.३ कोटी हर्ट्‌झचा, म्हणजे ३३ मेगाहर्ट्‌झचा असेल, तर त्यातील काहीही न गमावता तो आकड्यांत उतरवण्यासाठी किमान दुप्पट नोंदी घ्याव्या लागतात. हा संकेतशास्त्राचा पायाभूत नियम आहे. प्रत्येक तबकडीकडून दोन दिशांच्या ध्रुवणाचे दोन संकेत येतात, म्हणजे एकूण ६० संकेत. गुणाकार केला, तर सेकंदाला सुमारे ३९६ कोटी आकडे. हा ओघ रात्रंदिवस चालू असतो आणि तो थोपवून ठेवता येत नाही. ‘आज साठवू, उद्या पाहू’ म्हटले, तर साठवणीच काही वेळात भरून जाते. येईल तसे, त्याच क्षणी गणित उरकावे लागते. अंकीय संकेत-प्रक्रियेची खरी कसोटी येथे लागते.

७/२३
गणिताचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात प्रत्येक संकेत त्याच्या घटक वारंवारतांत विभागला जातो. लोलकातून जाताना प्रकाशाचे रंग वेगळे व्हावेत, तसे. दुसऱ्या टप्प्यात एकाच वारंवारतेचे, पण दोन वेगळ्या तबकड्यांचे आकडे परस्परांशी गुणून त्यांची सरासरी काढली जाते. दोन्ही तबकड्यांना दिसलेले सामाईक तेवढे टिकते. प्रत्येकीचा स्वतःचा गोंगाट सरासरीत विरून जातो. या गुणाकारांतूनच पुढे आकाशाचे चित्र घडते. हे काम करणाऱ्या यंत्राला कोरिलेटर म्हणतात. खोडदला तबकड्या दिमाखाने उभ्या दिसतात, कोरिलेटर मात्र बंद खोलीत असतो.

८/२३
पहिला टप्पा शक्य झाला तो जेम्स कूली आणि जॉन टुकी यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या युक्तीमुळे. १,०२४ नोंदींचा एक गठ्ठा वारंवारतांत फोडायचा असेल, तर सरळ पद्धतीने १० लाखांहून अधिक गुणाकार-बेरजा कराव्या लागतात. कूली–टुकी पद्धतीत तो गठ्ठा अर्धा, मग पाव, असा तोडत नेतात. पुन्हा पुन्हा होणारे तेच काम टळते आणि क्रियांची संख्या दहा हजारांच्या घरात येते. म्हणजे जवळजवळ शंभर पटींची बचत. गंमत अशी की कल्याणची दुर्बीण आणि ही युक्ती, दोन्ही एकाच वर्षाच्या. मोठे काम तोडून लहान करणे, हा दोहोंतील समान धागा.

९/२३
दुसऱ्या टप्प्याला मात्र अशी पळवाट नाही. ३० तबकड्यांतून प्रत्येक दोघींची जोडी लावली, तर ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीत ध्रुवणाच्या चार मांडण्या. त्या प्रत्येकीसाठी सेकंदाला ३.३ कोटी गुणाकार. हे गुणाकार संमिश्र संख्यांचे असल्याने एकातच चार साधे गुणाकार दडलेले असतात. सगळा हिशेब केला, तर सेकंदाला सुमारे २३ हजार कोटी गुणाकार होतात. यात बेरजा धरलेल्या नाहीत. येथे एक बाब ध्यानात ठेवावी: तबकड्या दुप्पट केल्या, तर जोड्या जवळजवळ चौपट होतात. लहान यंत्रे पुष्कळ घेतल्याने पोलाद स्वस्त पडते. त्याची किंमत गणितात मोजावी लागते.

१०/२३
आता पुण्यातील गणेशखिंडीकडे वळू. जीएमआरटी चालवणारे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे. त्याच आवारात १९८८ साली स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ संस्थेचेही घर आहे. भारताला अमेरिकेकडून हवा तो क्रे महासंगणक मिळू शकला नव्हता. तेव्हा विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकने उद्दिष्ट ठेवले: तीन वर्षांत, सेकंदाला १०० कोटी दशांश-क्रिया करणारा संगणक. १९९१ साली ‘परम ८०००’ साकार झाला. त्यात एकच बलाढ्य प्रोसेसर नव्हता. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ‘ट्रान्सप्युटर’ नावाचे अनेक लहान प्रोसेसर एकमेकांशी जोडलेले होते.

११/२३
ट्रान्सप्युटरचे वैशिष्ट्य असे, की शेजाऱ्यांशी बोलण्यासाठीचे चार दुवे त्या चिपमध्येच घडवलेले होते. एकट्याने काम करण्यासाठी नव्हे, तर समूहात काम करण्यासाठीच ती जन्मली होती. कल्याणच्या तबकड्यांमागील विचार येथे संगणकात उतरलेला दिसतो. तरीही त्या काळी खोडदचे काम परमवर सोपवता आले नसते. २३ हजार कोटींना १०० कोटींनी भागले, तर नुसत्या गुणाकारांसाठी २३० ‘परम’ लागले असते. आणि हा हिशेब कागदावरचा. प्रत्यक्षात कोणताही संगणक आपल्या कमाल वेगाने सतत धावत नाही. दोन संस्था एकाच आवारात होत्या, पण एकीच्या गरजेला दुसरीचे यंत्र अजून पुरणारे नव्हते.

१२/२३
म्हणून जीएमआरटीचा पहिला कोरिलेटर विशेष चिपांनी घडला. या चिपा अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोल वेधशाळेने आपल्या ‘व्हीएलबीए’ दुर्बिणीसाठी तयार करवून घेतल्या होत्या. अशी चिप एकच काम जाणते आणि ते अफाट वेगाने करते. ३२ मेगाहर्ट्‌झचा पट्टा या यंत्रणेने पेलला आणि वर्षानुवर्षे उत्तम निरीक्षणे दिली. तिची मर्यादा तिच्या गुणातच होती. तारांनी आणि चिपांनी एकदा जे ठरवले, ते ठरले. उद्या कोणाला वारंवारतेचे अधिक बारीक भाग हवे झाले, गोंगाट गाळण्याची नवी रीत सुचली, तर आज्ञावली बदलून भागत नसे. नवे सर्किट घडवावे लागे. संशोधकाने कोणता प्रश्न विचारावा, हे काही अंशी यंत्रच ठरवत होते.

१३/२३
मग सर्वसाधारण संगणक आणखी वेगवान होईपर्यंत थांबायचे? अनेक दशके हा मार्ग रास्त होता. ट्रान्झिस्टर लहान होत गेले, तशी लागणारी व्होल्टता घटत गेली आणि प्रोसेसरचा ठोका जलद होत गेला. २००४ च्या सुमारास ही वाटचाल अडली. ट्रान्झिस्टर आणखी लहान होत होते, पण त्यांतून विजेची गळती वाढली, व्होल्टता खाली येईना आणि चिप तापू लागली. इंटेलचा पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्‌झपर्यंत पोहोचला आणि त्याच वर्षी कंपनीने ‘तेजस’ या सांकेतिक नावाचा त्याचा नियोजित वारसदार रद्द केला. ठोका वाढवून वेग मिळवण्याचे युग तेथे जवळपास संपले.

१४/२३
उपाय तोच जुना: एकाऐवजी अनेक. आयबीएमने २००१ सालीच एका चिपवर दोन कोअर बसवलेला पॉवर-४ आणला होता. २००५ पासून घरगुती संगणकांतही दोन, पुढे चार, आठ कोअर आले. मात्र कोअर वाढले म्हणून काम आपोआप वेगाने होत नाही. ऊसपट्ट्यातील वाचकांना हे सांगायला नको. तोडणीच्या टोळ्या दुप्पट लावल्या, तरी कारखान्याची गव्हाण एकच असेल, तर गाड्यांची रांग तेवढी वाढते. जीन आमडाल यांनी १९६७ साली नेमका हाच मुद्दा मांडला. कामाचा दहावा भाग जरी वाटता न येणारा असला, तरी ८ कोअरांनी वेग जेमतेम ४.७ पट होतो. असंख्य कोअर लावले, तरी दहापटीपुढे जात नाही.

१५/२३
येथे कोरिलेटरच्या गणिताचा एक मोठा गुण कामी आला. त्यात गव्हाणीसारखी अडचण फार थोडी आहे. पहिल्या टप्प्यात प्रत्येक तबकडीचा संकेत स्वतंत्रपणे फोडता येतो. दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक वारंवारतेचे गुणाकार स्वतंत्रपणे करता येतात. अडचण आहे ती दोन टप्प्यांच्या मध्ये. पहिल्या टप्प्याअखेर एका संगणकाकडे काही मोजक्या तबकड्यांच्या सगळ्या वारंवारता असतात. दुसऱ्या टप्प्यासाठी त्याला हव्या असतात सगळ्या तबकड्यांच्या मोजक्या वारंवारता. म्हणजे प्रत्येकाने आपल्याजवळचे जवळजवळ सर्व काही इतरांना वाटायचे आणि तेही न थांबता. काम वाटणे सोपे, वाटलेल्याची अदलाबदल अवघड. समांतर संगणनाच्या बहुतेक कहाण्या याच जागी यशस्वी होतात किंवा फसतात.

१६/२३
खोडदला हे साधले. जयंत रॉय, यशवंत गुप्ता, ऊ-ली पेन, जेफ्री पीटरसन, संजय कुडाळे आणि जितेंद्र कोडिलकर यांचा यासंबंधीचा शोधनिबंध २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात वर्णिलेल्या यंत्रणेत खास घडवलेली चिप एकही नव्हती. बाजारात मिळणारी, संकेत आकड्यांत उतरवणारी कार्डे. लिनक्सवर चालणारे ४८ संगणक. आणि त्यांना जोडणारे दुहेरी गिगाबिट जाळे. एवढ्यावर ३२ संकेतस्थानांचे दोन्ही ध्रुवणांचे, ३३ मेगाहर्ट्‌झचे गणित त्याच क्षणी होऊ लागले. एवढ्या मोठ्या दुर्बीण-समूहासाठी अशी प्रत्यक्षकाळात चालणारी सॉफ्टवेअर यंत्रणा ही आपल्या माहितीनुसार पहिलीच, असे निबंधकारांनी नोंदवले.

१७/२३
साध्या संगणकांकडून हे काम करवून घेण्यात तीन युक्त्या होत्या. पहिली: काम अनेक धाग्यांत वाटून प्रोसेसरचा प्रत्येक कोअर गुंतवून ठेवणे. दुसरी: एकाच आज्ञेत एकाहून अधिक आकड्यांवर क्रिया करणे, आधुनिक प्रोसेसरांत त्यासाठी खास सोय असते. तिसरी सर्वांत सूक्ष्म: कोअरच्या अगदी जवळ ‘कॅशे’ नावाची लहान, वेगवान स्मृती असते, मुख्य स्मृती त्या मानाने दूर आणि मंद. म्हणून कॅशेत मावेल एवढाच तुकडा घ्यायचा, त्याच्यावरचे सगळे काम उरकायचे आणि मगच पुढचा घ्यायचा. हाताशी घेतलेला जिन्नस पुन्हा पुन्हा कोठारात ठेवायला जायचे नाही. कोअर कितीही असोत, त्यांना आकडे वेळेवर मिळाले नाहीत, तर ते रिकामे बसतात.

१८/२३
यातून मिळाले ते केवळ वेगाच्या भाषेत सांगता येणार नाही, कारण वेग तर जुन्या चिपांकडेही होता. मिळाली ती मुभा. वारंवारतेचे किती भाग करायचे, किती काळाची सरासरी घ्यायची, गोंगाट कसा ओळखायचा, हे आता आज्ञावलीच्या ओळींत होते आणि त्या ओळी बदलता येत होत्या. सर्किट नव्याने घडवण्याऐवजी सॉफ्टवेअर सुधारता येऊ लागले. पुढे याच यंत्रणेने जुन्या कोरिलेटरची जागा घेतली. संगणकाच्या इतिहासात ‘वेगवान’ आणि ‘बदलता येणारे’ यांतील ओढाताण जुनी आहे. मल्टिकोर प्रोसेसरांनी खोडदला या दोहोंमधील अंतर पुष्कळ कमी केले.

१९/२३
पुढच्या दशकात दुर्बिणीचे मोठे अद्ययावतीकरण झाले. पट्टा ३२ वरून ४०० मेगाहर्ट्‌झवर गेला. म्हणजे गणितही बारापट झाले: आपल्या आधीच्या हिशेबाने सेकंदाला सुमारे २.८ लाख कोटी गुणाकार. येथे साधे मल्टिकोर संगणक पुरेनात. म्हणून कामाची नवी विभागणी झाली. संकेत आकड्यांत उतरवून त्यांचे गठ्ठे पाठवणे, हे नंतरही नव्याने जोडता येणाऱ्या एफपीजीए चिपांकडे आले. वारंवारता फोडणे आणि गुणाकार करणे जीपीयूंकडे. जीपीयू मुळात संगणकीय खेळांची चित्रे रंगवण्यासाठी बनलेले. त्यांत हजारो लहान कोअर असतात आणि एकच क्रिया असंख्य आकड्यांवर करणे हे त्यांचे नैसर्गिक काम. करमणुकीच्या बाजारपेठेने स्वस्त केलेली चिप विश्वाच्या अभ्यासाला उपयोगी पडली.

२०/२३
याचे फळ काय? एक उदाहरण पुरे. स्पंदक तारे, म्हणजे पल्सार, घड्याळासारखे नेमके ठोके देतात. पण ताऱ्यांमधील अवकाशातून येताना कमी वारंवारतेचे तरंग मागे पडतात. ४०० मेगाहर्ट्‌झला होणारा हा उशीर १,४०० मेगाहर्ट्‌झच्या मानाने बारा पटींहून अधिक असतो. म्हणूनच कमी वारंवारतेवर तो अधिक अचूक मोजता येतो आणि घड्याळातील ही चूक दुरुस्त करता येते. जीएमआरटीच्या अशा निरीक्षणांवर काम करणारा भारतीय गट युरोपीय गटासह होता. २९ जून २०२३ रोजी या संयुक्त गटाने, जगातील इतर गटांबरोबरच, विश्वात सतत गुणगुणणाऱ्या अतिमंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे जाहीर केले.

२१/२३
आता त्या रेल्वेकडे. पुणे–नाशिक वेगवान रेल्वेचा आधीचा आराखडा चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा होता. दुर्बिणीच्या कामात व्यत्यय येण्याचा मुद्दा पुढे आला आणि रेल्वे मंत्रालयाने शिर्डी–अहिल्यानगरमार्गे पर्याय मांडला. या पर्यायातील पुणतांबा–निंबळक हा टप्पा श्रीरामपूरच्या बेलापूर स्थानकावरूनच जातो. जुन्नर, संगमनेर भागांतून नाराजी व्यक्त झाली आणि ती समजण्यासारखी आहे. पिढ्यान्‌पिढ्या रेल्वेची वाट पाहणाऱ्या तालुक्याने, न दिसणाऱ्या तरंगांसाठी ती का सोडावी? स्वाभाविकच एक प्रश्न विचारला जातो: एवढे सामर्थ्यवान संगणक आहेत, तर गोंगाट गाळून का टाकत नाहीत?

२२/२३
उत्तर असे: काही अंशी गाळतात. विजेच्या ठिणग्यांचे झटके ओळखण्यासाठी खोडदच्या नव्या यंत्रणेत मध्यकावर आधारलेली गाळणी आहे. सरासरी एका प्रचंड झटक्याने बिघडते. सर्व नोंदी क्रमाने लावून मधली घेतली, तर ती सहसा हलत नाही. तिच्यापासून फार दूर असलेली नोंद संशयित ठरवून वगळता येते. पण वगळलेल्या नोंदीबरोबर तेवढे आकाशही जाते. शिवाय तबकडीवरील प्रवर्धक जर तीव्र गोंगाटाने भरून गेला, तर मागाहून येणारा क्षीण संकेत आकड्यांत उतरण्यापूर्वीच हरवतो. जे आकड्यांत कधी आलेच नाही, ते कितीही कोअर लावले तरी परत मिळत नाही. खोरे शांत आहे म्हणून दुर्बीण खोडदला आली. ती शांतता चिपांनी विकत घेता येत नाही.

२३/२३
रेल्वेचा निर्णय लोकांनी आणि त्यांच्या प्रतिनिधींनी घ्यायचा आहे. इतिहास त्यात एवढीच भर घालू शकतो, की तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे हे सांगावे. कल्याणच्या ३२ तबकड्या, परमचे ट्रान्सप्युटर, खोडदचे ४८ संगणक आणि आजचे जीपीयू, ही साठ वर्षांची एकच परंपरा आहे. मोठे साधन हाती नसताना लहान साधने जोडून मोठे काम करण्याची. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते. श्रीरामपूरहून लोणी, संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव अशी वाट आहे. तबकड्या पाहून झाल्या, की कोरिलेटरविषयीही आवर्जून विचारा. आणि आवारात शिरताना मोबाइल बंद करायला विसरू नका. आता त्याचे कारण आपणास ठाऊक आहे.

(धागा समाप्त)